रॉकेटची तीट

"मी उडणार नाही," रॉकेट म्हणालं. "रंग खरचटेल."

शरयूताईंनी संचातले सुटे भाग जोडून, घासून, रंगाचे सात हात देऊन ते चकचकीत केलं होतं. संचातल्या बोलक्या चिपमुळे ते स्वतःला जपायलाही शिकलं होतं.

"दोन मिनिटांत उडवा, नाहीतर स्पर्धेतून बाद," पंच म्हणाले.

"नवरीसारखं सजवलंस, आता रुसणारच!" विद्याधरराव बायकोला म्हणाले.

शरयूताईंनी डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि रॉकेटच्या पांढऱ्याशुभ्र टोकाला टेकवलं.

"डाग पाडलात!" रॉकेट किंचाळलं.

"तीट लावली. दृष्ट लागायला नको."

"आता जपायचं तरी काय?" म्हणत ते उडालं आणि थेट चिखलात उतरलं.

शरयूताई फडकं घेऊन धावल्या.

"पुसू नका हो," रॉकेट म्हणालं. "परत उडवा!"