वडिलांची आजी

"जपून हं, माझ्या वडिलांची आजी आहे ती," म्हातारे किनरॉस म्हणाले. मुंबईच्या कापसावर गबर झालेल्या आपल्या ग्लासगोच्या व्यापारी घराण्याचा इतिहास ते लिहीत होते. मुखपृष्ठासाठी या आजीचं तैलचित्र साफ करायला त्यांनी चारुता केळुसकरला घरी बोलावलं होतं.

औषधात भिजवलेल्या बोळ्याने चारुता चेहऱ्यावरचा काळवंडलेला थर टिपू लागली. थराबरोबर नाकागालांवरचा गोरा रंगही सुटला. खालून सावळं नाक उमटलं, आणि नाकात टपोऱ्या मोत्यांची नथ.

"हे काय केलंस?" किनरॉस ओरडले.

"मी नाही. हिला नंतर कुणीतरी गोरं केलंय. ही आमच्याकडची बाई आहे."

किनरॉस मटकन खुर्चीत बसले. "आम्हाला तर एडिंबराच्या पाद्र्याची लेक म्हणून सांगितलं होतं!" आता ते पुन्हा रंग फासायला सांगणार, असं चारुताला वाटलं.

"वडिलांच्या आजीला तुमच्यात काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

"पणजी."

ते उठून चित्रापाशी गेले. "पणजी," ते अडखळत म्हणाले, "चल, उरलेलं तोंडही धुऊन घेऊ."