देवदाराचा धूर

वनरक्षक बेनासरचं नाक अझ्रूच्या सगळ्या डोंगरात प्रसिद्ध होतं. घरात देवदार जाळायला सरकारची बंदी होती, आणि त्याचा धूर बेनासरला झोपेतही ओळखू यायचा. तुदामावशीच्या घरापाशी तो थबकला, नाक वर करून त्यानं हुंगलं आणि तो बर्फ तुडवत थेट आत शिरला.

“मावशी, देवदार जाळतेयस. नाही म्हणू नकोस.”

“नाही कशाला म्हणू? आधी दार लाव, वारं शिरतंय.”

“तुला ओकची लाकडं दिली होती ना?”

“ती संपली. आणायला जायचं, तर रस्ता बर्फाखाली.”

“म्हणून झाड तोडलंस?”

“झाड माझ्या आज्यानं तोडलंय, तुझं सरकार जन्मायच्या आधी.”

मावशीनं हातातली नक्षीदार फळी शेगडीत सरकवली. बेनासरनं ती ओळखली. मावशीच्या लग्नातल्या पेटीचं झाकण! शेगडीपलीकडे सून निजली होती, तिच्या कुशीत सकाळीच जन्मलेली पोर.

“अगं, पेटी जाळलीस?” त्याचा आवाज एकदम खाली आला. “ती तर तुमच्यात थोरल्या नातीला देतात ना!”

“मग?” मावशी ठसक्यात म्हणाली. “तिलाच दिली.”