चौथा खांदा

दुष्काळात सोसायटीनं कबड्डीच्या सामन्याला दोन गाड्या कडबा बक्षीस लावला. शेवटच्या चढाईत जळकोटच्या महारुद्रचा दम मधेच तुटला की काय, अशी शंका आली, तेव्हा पंच आबारावांनी आपल्या नेहमीच्या रीतीनं त्यालाच विचारलं आणि त्याचा शब्द मानला. कडबा जळकोटला गेला. पंच विकला गेला म्हणत गावानं आबारावांचं घर वाळीत टाकलं.

दहा वर्षांनी त्यांच्या तिरडीला भावकीतले तिघंच आले. चौथा आला तो महारुद्र.

"द्वारकाताई, त्या दिशी दम तुटला व्हता. म्या आबांशी खोटं बोललो."

"हेच वेशीत उभं राहून गावाला सांगा."

"आता काय उपेग? आबा तर गेले."

द्वारकानं बापाच्या तिरडीवरचा त्याचा हात उचलून बाजूला केला.

"तिघं नेतील," ती म्हणाली.