जुन्या रक्ताचा निकाल

कल्याणीला गरोदरपणाचा दहावा आठवडा लागला होता. तपासणीच्या खोलीत तिच्या शेजारी सासूबाई शेवंताबाई बसल्या होत्या. डॉक्टर फरीदांनी रक्ताचा निकाल वाचला.

"बाळाला पोसणारी वार चांगली आहे. पोषण पुरेल," त्या म्हणाल्या. "सात वर्षांपूर्वीच्या गरोदरपणातलं तुमचं दहाव्या आठवड्याचं रक्तही आमच्याकडे ठेवलेलं होतं. नव्या चाचणीत तेही तपासलं."

कल्याणीने मान खाली घातली. त्या वेळची मुलगी सातव्या महिन्यात पोटातच गेली होती, जेमतेम सहाशे ग्रॅमची. कल्याणी परीक्षेला स्कूटरवरून गेली म्हणून बाळ खुरटलं, असं शेवंताबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. कल्याणीलाही ते पटलं होतं. तिने शिक्षण सोडून दिलं.

"त्या वेळी वार दहाव्या आठवड्यातच कमजोर होती," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही घरात पडून राहिला असतात, तरी बाळ वाढलं नसतं."

"आणि ही चाचणी तेव्हा असती तर?" कल्याणीने विचारलं.

डॉक्टरांनी निकालाचा कागद खाली ठेवला. "वार कमजोर निघाली तर आता बाराव्या आठवड्यात इंजेक्शन देतो. तुमची मुलगी वाचली असती."

शेवंताबाईंनी पदर तोंडाला लावला. "पोरी, काय काय बोलले गं मी तुला," त्या पुटपुटल्या.

सात वर्षांत कल्याणी त्या मुलीसाठी एकदाही रडली नव्हती. आपल्यामुळेच गेली, मग रडायचं कोणत्या तोंडाने, असं तिला वाटायचं. आता सासूच्या खांद्यावर डोकं टेकून ती हुंदके देऊ लागली. डॉक्टरांनी उठून दार लोटलं आणि पुढच्या बाईला थोडं थांबायला सांगितलं.