बटणाआधीचे फुगे

“फुगा, लाल. फुगा, निळा. फुगा, पिवळा.”

बाईंनी कीबोर्डवरची टॅबची कळ पुन्हा दाबली. पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर इमानेइतबारे म्हणाला, “फुगा, हिरवा.”

दवाखान्याची नवी वेबसाइट उद्या सुरू होणार होती. फोनवर वेळ देणं उद्यापासून बंद. पडद्यावर फुगे तरंगत होते आणि बाईंच्या खुर्चीमागे ऑफिसातले चौघे श्वास रोखून उभे होते. बाईंना दिसत नव्हतं. म्हणून तर त्यांना तपासायला बोलावलं होतं.

“वेळ घ्यायचं बटण सापडत नाहीये,” बाई म्हणाल्या.

“अहो, समोरच तर आहे!” मॅनेजर म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

ॲनिमेशनवाला कानकोंडा झाला. न दिसणाऱ्यांनाही फुगे कळावेत म्हणून त्याने आठवडाभर खपून एकेका फुग्याला नाव दिलं होतं, टॅब तिथे थांबेल अशी सोय केली होती. एक फुगा वर जाऊन विरला की खालून दुसरा येई. बटण सगळ्या फुग्यांनंतर होतं, आणि फुगे संपतच नव्हते. करायला गेला एक, झालं भलतंच.

“फुग्यांना गप्प बसवा, बटण आधी आणा,” बाई म्हणाल्या. “आठवड्यातून दोनदा इथेच डायलिसिसला येते मी. मला फुगे काय करायचेत? वेळ मिळाली पाहिजे.”

“एका दुपारचं काम आहे, साहेब,” ॲनिमेशनवाला पुटपुटला.

“उद्या उद्घाटन आहे. आणि फुगे मोठ्या साहेबांना आवडलेत.”

झालं. यापुढे कोण बोलणार!

सही सरळ यावी म्हणून मॅनेजरांनी तपासणीच्या कागदावर पट्टी ठेवली आणि बाईंचं बोट सहीच्या जागी टेकवलं. “अंध व्यक्तीने तपासलं, एवढंच लिहिलंय. पास झालं असं कुठे म्हटलंय?”

बाईंना संताप आला. पण डायलिसिसचं यंत्र याच इमारतीत, खालच्या मजल्यावर. पाण्यात राहून माशाशी वैर कसं धरणार? त्यांनी सही केली.

जिन्याशी पोचताच त्यांनी दवाखान्याचाच नंबर लावला. फोनवरची मुलगी ओळखीची होती.

“गुरुवारी सकाळी दहा, मावशी. लिहिलं.”

“पुढच्याही देऊन ठेव ना गं. महिनाभराच्या.”

“नाही देता येत हो. या आठवड्यानंतरच्या आता साइटवरच. माझाही आज शेवटचा दिवस.” मुलीने धीर दिला. “पण काळजी नका करू. सोपी आहे म्हणे. न दिसणाऱ्यांकडूनही तपासून घेतलीय.”

“हो,” बाई म्हणाल्या, “माझ्याकडूनच.”