तिसरा नंबर

"एकोणतीस, शून्य चार, सात," सासऱ्यांनी वाचलं. सुनेने टाइप केलं.

जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. मागच्या खोलीत दोघं समोरासमोर बसायची. एकेक जुना कॅटलॉग उघडायचा, पान स्कॅन करायचं, मग त्यातला प्रत्येक नंबर कॉम्प्युटरवर चढवायचा. मूळ नंबर, बदली नंबर, शेरा, स्रोत. हे भाग बनवणारे कारखाने कधीच बंद पडले होते. कोणत्या गाडीला दुसऱ्या कोणत्या गाडीचा भाग चालतो, ते सासऱ्यांनी चाळीस वर्षांत पानांच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. सोमवारी सगळी यादी वेबसाइटवर जायची होती. "तुमच्या डोक्यातलं एकदा मशीनच्या डोक्यात उतरलं की मी सुटलो," असं मालक येता-जाता म्हणायचे.

सून इथे लागली ती नवरा अपघातात गेला त्या वर्षी. त्याला नऊ वर्षं झाली. कामाच्या वेळी नंबर सोडून दोघं फारसं काही बोलत नसत. घरी तर तेवढंही नाही.

"वायपरचा दांडा," सासरे म्हणाले. "बदली दोन. पहिला घासून बसतो. दुसऱ्यापुढे लिहिलंय, शिव्या दिल्या तर बसतो."

"शिव्यांचं लिहू?"

"नको. जोर लावून, असं लिही."

तिने तसं लिहिलं. कोणी हसलं नाही.

पुढचं पान ब्रेकचं होतं. मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर. सासऱ्यांनी मूळ नंबर सांगितला, बदली दोन सांगितले आणि पान उलटायला बोट लावलं.

"तिसरा राहिला," ती म्हणाली. स्कॅन केलेलं पान तिच्यासमोर पडद्यावर होतं. तिसरा नंबर इतक्या जोराने खोडला होता की कागद फाटला होता. मागून लावलेली चिकटपट्टी पिवळी पडली होती, पण आकडे अजून वाचता येत होते.

"तो नको घेऊस."

"दुसऱ्या दुकानाच्या यादीत हाच आहे. जुळतोय. गाळला तर मालक विचारतील."

सासऱ्यांनी पानावरच्या चिकटपट्टीवरून बोट फिरवलं.

"बाबा, बसतं की नाही तेवढं सांगा. नाहीतर यादीप्रमाणे टाकून देते."

"बसतं," ते म्हणाले. "मापाला अगदी बरोबर बसतं. पण तेलात फुगत जातं. मग ब्रेक धरत नाही."

"लगेच?"

"लगेच कळलं असतं तर काय हवं होतं. अकरा दिवस चालतं."

तिने अकरा टाइप केलं. मग पुसलं.

"अकराच कसे?"

बाहेर रस्त्यावर कोणीतरी ट्रक मागे घेत होतं, "येऊ दे, येऊ दे" असं ओरडणं आत ऐकू येत होतं. ते थांबेपर्यंत ती थांबली.

"त्या दिवशी निघताना तो मला म्हणाला होता, बाबांनी ब्रेक नवा करून दिलाय."

"हो."

"हेच रबर?"

"हेच. मूळचं कुठे मिळत नव्हतं. मीच शोधलं, मीच बसवलं."

ती पडद्याकडे बघत राहिली. आता रडू येईल असं तिला वाटलं. ते आलं नाही.

"सगळे म्हणाले, त्याला वेगाचं वेड होतं."

"म्हणाले."

"तुम्हीही म्हणालात, बाबा. माझ्या भावासमोर म्हणालात. मी आजवर पोरीला तेच सांगत आले. तुझे बाबा कोणाचं ऐकायचे नाहीत, गाडी पळवायचे."

"पहिल्या दिवशी तोंडून गेलं," ते म्हणाले. "नंतर परत घ्यायला जमलं नाही."

"आईंना माहीत आहे?"

"नाही."

बाहेर मालक फोनवर कोणालातरी सांगत होते, की आता फेऱ्या मारायला नकोत, सोमवारपासून सगळं घरबसल्या बघा.

तिने तिसरा नंबर भरला. शेऱ्यात लिहिलं आणि लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं. "मापाला बसतं, ब्रेक धरत नाही, वापरू नये. बरोबर?"

"बरोबर."

"स्रोत भरल्याशिवाय नोंद पुढे जात नाही. कारखान्याचा कॅटलॉग, दुसऱ्या दुकानाची यादी, नाहीतर ग्राहकाची तक्रार. यातलंच एक घ्यावं लागतं."

"कॅटलॉगात असलं काही नाही."

"मग तक्रार."

"तक्रार कोणाचीच आली नव्हती गं."

"आज आली," ती म्हणाली, आणि तिने तारखेच्या जागी आजची तारीख घातली.

मग तिने कॅटलॉग त्यांच्या हातांखालून ओढून आपल्याकडे घेतला आणि पुढचे नंबर स्वतःच वाचून भरायला लागली. सासऱ्यांचे दोन्ही हात टेबलावर होते तिथेच, उघडं पुस्तक धरल्यासारखे पडून राहिले.