पितळेचा घोडा

शेवटची चूक महारुद्र सुतारानं घोड्याच्या शेपटीत ठोकली. सुतारकामात चूक म्हणजे बारका खिळा. दुसऱ्या अर्थाची चूक ध्यानात यायला अजून घटकाभर अवकाश होता.

ईश्वरअप्पांच्या ठासणीच्या बंदुकीचा दस्ता वाळवीनं खाल्ला होता. महारुद्रानं शिसवीचा नवा घडवला. पटाशीनं खाच कोरली, तिच्यात लाख वितळवली आणि पितळेचा घोडा असा बसवला की बोट फिरवलं तर लाकूड कुठं सरलं ते कळू नये. बोरी गावात घोडा येतो तो वरातीपुरता. म्हणून हाही एक पाय उचलून नाचत होता.

बंदूक घेऊन तो अप्पांच्या घरी गेला. अप्पा बाजेवर पडून होते. नजर गेलेली, अन्न सुटलेलं. दोन्ही लेक बांधावरून भांडून वेगळे निघाले होते. बापाचीही वाटणी झाली होती: उशाची बाजू शिवकांतची, पायथ्याची मन्मथची. राहिली होती ती फक्त बंदूक. 'अप्पा गेले की ती माझ्या हातात येऊ द्या, मग बांध कुणाचा ते बघू,' असं दोघंही भर बाजारात बोलले होते. आणि गावाला दोघांचंही खरं वाटत होतं.

शिवकांतनं बंदूक उलटीपालटी करून पाहिली.

"मामा, घोडा कुठाय?"

"ह्यो काय. नाचायलाय की."

"अवं, घोडा म्हंजे चाप वढला की खाडकन पडतो त्यो! त्याच्याबिगर बार कसा निघंल? आन् त्याची जागाबी बुजवून टाकली!"

मन्मथ पायथ्याकडून उठला. "जुना गळून पडला म्हनून तर धाडली व्हती. आमाला काय वरात काढायचीय?"

वर्षभरात दोघा भावांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

महारुद्राचं तोंड उतरलं. अप्पांची म्हातारी शिवम्मा गोधडीत गुंडाळून बंदूक घेऊन आली होती, तेव्हा निरोप एवढाच होता: लाकूड नवं कर आणि पितळेचा घोडा बसव. तो बाजेशी खाली बसला.

"चुकलं अप्पा. पितळ खरवडून काढतो. लोहाराकडनं लोखंडी घोडा घडवून आनतो."

"आन हिकडं," अप्पा म्हणाले.

त्यांची बोटं लाकडावरून सरकत गेली. मान. आयाळ. उचललेल्या पायापाशी ती थांबली. मग कितीतरी दिवसांनी अप्पांच्या ओठांची कड हलली.

"जुना पडला न्हवता. म्याच म्हातारीला नदीत टाकायला लावला. लोखंडाचा पायजे असता, तर सुताराकडं कशाला धाडलं असतं रं तिला?"

उशापायथ्याला दोघं भाऊ तसेच उभे होते. अप्पांनी बंदूक छातीवर आडवी ठेवली.

"मी गेल्यावर ही दोघांची. वढा म्हनावं आता घोडा, किती वढायचा तितका."